कोहमाऱ्याचं भाडं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही समजत नाही, म्हणून आधीच माफी मागते. हे मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच तर चुका माझ्या धराव्या, आत्याबाईंच्या धरू नये. त्यांनी आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही. त्यांचा सगळा व्यवहार तोंडी, आणि तोंड गावात सगळ्यात मोठं.

किती मोठं ते सांगते. एकदा आठवडी बाजारात मी वांगी निवडत होते. एवढ्या गर्दीतून, मिरच्यांच्या ढिगाच्या पलीकडून आवाज आला, "काऊन वो सुनबाई! कोहमाऱ्याचं भाडं कवा देशीन? का बुडवतेस माहे पैसे?"

सगळा बाजार वळून बघायला लागला. मी पदर ओढला आणि वांग्यात तोंड घातलं.

"तोंड लपवून रायली का? धंद्यात कायची लाज वो?"

वांगीवाला बाहेरगावचा होता. त्याने माझ्या पिशवीत टाकलेली वांगी हळूच परत टोपलीत घेतली आणि म्हणाला, "बाई, आधी पैसे."

कोहमारा म्हणजे आमच्या गावावरून दिसतो तो हायवेचा फाटा. तिथे ढाबे आहेत, रात्रंदिवस ट्रक उभे असतात. तिथे आमची एक वीटही नाही, आत्याबाईंचीही नाही. आत्याबाईंचा कोहमारा एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर होता.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. आमच्या घराला लागूनच त्यांचं घर, मधे एक भिंत. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. शेती ठेक्याने दिलेली. एकुलता एक मुलगा दिलीपभाऊ रायपूरला नोकरीला. तो न्यायला यायचा, आत्याबाई दोन महिने जाऊन परत यायच्या. का आल्या विचारलं तर म्हणायच्या, "त्या घरात माहा आवाज मावत नाई."

दिलीपभाऊ लहान असताना त्यांना गोंदियावरून व्यापाराचा खेळ आणून दिला होता. तो माळ्यावर धानाच्या पोत्यांमागे पडून राहिला आणि उंदरांनी त्याचा पट कुरतडला. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत सगळं खाल्लं. पासे हरवले. राहिल्या फक्त नोटा. दुसरी बाई असती तर चुलीत टाकलं असतं. आत्याबाईंनी नोटा उन्हात वाळवल्या आणि म्हणाल्या, "पैसा हाय त धंदा होते. पट कायले पायजे?"

मग त्यांनी गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, कात्रीने सारख्या कापल्या आणि पत्ते केले. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून नावं माझ्या मुलीने, प्रीतीने, लिहून दिली. मुंबई-दिल्ली काढून टाकली. "ते कोनं पायलं?" असं त्यांचं म्हणणं. त्याच्या जागी आले तिरोडा, केशोरी, कोहमारा, गोंदियाचं स्टेशन आणि आमच्या रस्त्यावरची गावं. एका रस्त्याची तीन गावं हातात जमली की तो रस्ता तुमचा. मग त्या रस्त्याचा पत्ता कोणी टाकला की त्याने भाडं भरायचं. वरून काही अवघड पत्ते होते. "पाहुणे आले" हा पत्ता निघाला की एक डाव चहा करण्यात गेला असं समजून गप्प बसायचं. आणि एकच पत्ता "तहसीलदार" होता. तो ज्याच्यावर टाकला त्याची सगळी रोकड जप्त. तो हातात आला की आत्याबाई पंधरा-पंधरा दिवस दाबून ठेवायच्या, आणि कोणाची बरकत झाली की पानाच्या पिचकारीसारखा सोडायच्या.

धान घरात आलं, मळणी झाली, की दुपारी आम्ही चार जणी त्यांच्या पडवीत बसायचो. मी, समोरच्या घरची पुष्पा, बिसराम गुरुजींची सून आणि आत्याबाई. बायांनी पत्ते खेळणं आमच्याकडे शोभत नाही. म्हणून मधोमध तांदळाचं सूप ठेवलेलं असायचं. अंगणात पुरुषाचा खाकरण्याचा आवाज आला की पत्ते सुपाखाली, आणि चारही जणी खडे वेचायला लागायच्या. ते तांदूळ आम्ही दोन उन्हाळे निवडले. त्यात खडा तर सोडा, नंतर नंतर तुकडाही उरला नव्हता. एकदा माझे सासरे, आमचे मामाजी, अंगणात थांबून म्हणाले, "अवो, तुमच्या घरचे तांदूळ संपतच नाईत का?"

"बारीक नजर लागते दादा," आत्याबाई म्हणाल्या, आणि सुपाखालून हळूच माझी केशोरी बदलून घेतली.

दोन गोष्टी त्यांच्या मला कधी समजल्या नाहीत. खरे पैसे कोणी उसने नेले तर त्यांना आठवायचे नाहीत. कोणी परत द्यायला गेलं तर "असन, ठेव तिथं" म्हणायच्या आणि ते मांजरीने पाडले तरी बघायच्या नाहीत. पण खेळातलं भाडं त्या विहिरीवर मागायच्या, लग्नाच्या पंगतीत मागायच्या, दवाखान्याच्या रांगेत मागायच्या. पुष्पाला ताप होता तेव्हा तिला हळदीचं दूध नेऊन दिलं, कपाळावर हात ठेवला, आणि निघताना दारातून ओरडल्या, "गोंदिया टेसनाचे दोनशे बाकी हायत, मरू नको." सुरुवातीला लोक खरंच समजले. मग सगळ्या गावाला खेळ माहीत झाला, सूप फक्त मर्यादेपुरतं राहिलं, आणि पोरं हसायला लागली. मला मात्र दर वेळी घाम फुटायचा. मी चार लोकांत "हो" म्हणायलाही लाजते, त्यात माझ्या नावाने बाजारात वसुली.

आता खरी गोष्ट लिहिते. ती लिहायलाही मला जड जातं.

प्रीती बारावी पास झाली आणि गोंदियाला नर्सिंगला तिचा नंबर लागला. सासऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "पोरीच्या जातीले एवढं कायले? मे महिन्यात लगन करून टाकू." त्यांच्यापुढे प्रीतीचे बाबा, आमचे हे, कधी बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली. मी चौथीतून काढून घेतलेली बाई. पोरगी नुसती प्रवेशाचा कागद घडी करून पेटीत ठेवत होती, ते मला बघवलं नाही.

दुपारी बाकीच्या यायच्या आधी मी आत्याबाईंकडे गेले आणि सुपापुढे बसून राहिले.

"बोल ना वो," त्या म्हणाल्या. "तांदूळ काय तुह्यासंगं बोलणार हाय?"

मी सांगितलं. सांगता सांगता मान खालीच होती. त्या उठून आत गेल्या, कोठीमागून फडक्यात बांधलेले पाच हजार आणले आणि माझ्या ओटीत टाकले.

"मी फेडीन आत्याबाई. थोडे थोडे करून फेडीन."

"ते कवाबी दे. कोहमाऱ्याचं भाडं कवा देशीन ते सांग."

"मामाजीले कळलं त पोरीले घरी आणून बसवतील."

"दादाले मी लहानपणापासून वळखतो. त्याले कोण सांगून रायलं?"

घरी मी सांगितलं की सरकारने फी माफ केली. फुकटात होतं म्हटल्यावर सासऱ्यांनी लग्न पुढे ढकललं आणि प्रीती गोंदियाला गेली.

फेडायचे कसे, हा प्रश्न होता. मी आत्याबाईंना नोट देताना कोणी बघितलं तर विचारणारच. मग मला खेळातच रस्ता सापडला. मोहफुलं वेचून, तेंदूपत्त्याचे पुडे बांधून, दुसऱ्याच्या शेतात, बांधीत धानाची रोवणी करून जे सुटायचं, त्यातली नोट मी बारीक घडी करून खेळातल्या नोटेच्या पोटात ठेवायची आणि भाडं म्हणून पुढे करायची. आत्याबाई एक बोटही न हलवता समजायच्या. नोट कमरेच्या बटव्यात जायची आणि वर आवाज, "हं, कोहमाऱ्याचं भाडं पोचलं! बाकीच्यायनं शिका हिच्यापासून." चौघींत बसून मी कर्ज फेडत होते आणि पुष्पा म्हणायची, "बाई, तुम्हीच एक इमानदार."

एकदा घोळ झाला. पुष्पाने तिरोड्याचा रस्ता केला होता आणि मला तिचं भाडं लागलं. गडबडीत मी जिच्या पोटात खरी शंभराची नोट होती तीच तिच्या हातात दिली. तिने ती न बघता मांडीखाली सारली. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात तहसीलदार होता. कितीतरी दिवस दाबून ठेवलेला. त्यांनी तो पुष्पावर टाकला.

"माह्यावर?" पुष्पा म्हणाली. "आत्याबाई, माह्यापाशी हाय काय? गुरुजीच्या सुनेकडं बघा, तिच्यापाशी ढीग हाय!"

"तहसीलदार इचारून येते का कवा? उचल मांडी."

रोकड जप्त होऊन आत्याबाईंच्या बटव्यात गेली. तो डाव आत्याबाई हरल्या, त्यांचे दोन्ही रस्ते गेले, आणि गुरुजींची सून महिनाभर सांगत फिरली की म्हातारीला आता खेळ झेपत नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. आमच्याकडे मंडईला घरोघर पाहुणे असतात. आमचं घर भरलं होतं. दिलीपभाऊ बायकोला आणि तिच्या आईवडिलांना घेऊन रायपूरवरून आले होते. प्रीती सुटीत घरी आली होती, पाणी वाढत होती. अंगणात पंगत बसली होती आणि मी वरणाची बादली घेऊन फिरत होते. माझ्या मोठ्या जावेने कधीतरी भिंतीच्या फटीतून काही बघितलं असावं. ती सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरीची फी कोनं माफ केली ते धाकटीले इचारा ना मामाजी. आत्याबाईचे पैसे फेडून रायली ती. म्या डोळ्यानं पायलं."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रीतीच्या हातातला तांब्या वाजला. "काय गा?" सासरे ह्यांना म्हणाले. "काय म्हणून रायली ही?"

मी बादली हातात तशीच धरून उभी होते.

"फेडून रायलीच त!" पंगतीच्या टोकावरून आत्याबाई ओरडल्या. "कोहमाऱ्याचं भाडं कोण देईन, तू? अन् दादा, तू जास्त बोलू नको, तुह्या सुनेवर केशोरीचंबी बाकी हाय!"

पंगतीत हशा पिकला. जाऊ म्हणाली, "खरी नोट होती. शंभराची."

"माह्या धंद्यात सगळ्या नोटा खऱ्याच!" आत्याबाई उठल्या. बटव्यातून खेळातली नोट काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग ती दिलीपभाऊंच्या सासऱ्यांच्या हातात दिली. "घ्या व्याहीबुवा. दुकानात जा अन् याची साखर घेऊन या. सुटे परत आना, मोड नाई सोडायची."

व्याही ती नोट उलटीपालटी करून बघत राहिले. लोक पोट धरून हसले. माझे सासरेही हसले, "हिचं असंच हाय," म्हणाले आणि जेवायला लागले. जावेचं बोलणं हवेत गेलं. पण हसणं जसं ओसरलं तसं मला दुसरं दिसलं. कोणीतरी कपाळाला बोट लावून बाजूच्याला खूण केली. दिलीपभाऊंच्या बायकोचा चेहरा पडला होता. दिलीपभाऊ हात न धुताच उठले, आईचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "चल आई, घरी चल." आत्याबाई त्यांच्यासोबत गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर लोकांना समजलं असतं.

तेव्हा मी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. बोलले असते तर प्रीती घरी बसली असती. मी वरण वाढत राहिले.

दिलीपभाऊंनी त्यांना गोंदियाच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने झोपेच्या गोळ्या दिल्या. मग दिलीपभाऊ घरोघर जाऊन सांगून गेले, "आईचं डोकं आता ठिकाणावर नाही, तिच्यासोबत तो खेळ खेळू नका, तिला खरं-खोटं समजेनासं झालंय." पुष्पाच्या घरी मनाई झाली, गुरुजींच्या सुनेच्याही. बाजारात टवाळ पोरं विचारायची, "काऊन आजी, साखर आनली का?" आत्याबाई काही न बोलता पुढे जायच्या. त्यांचा आवाज गावात ऐकू येईनासा झाला. मला इतकी वर्षं तेच पाहिजे होतं, आणि आता बाजारात वांगी घेताना मी मिरच्यांच्या ढिगाकडे बघत उभी राहायची.

मी जात राहिले. भाजी द्यायला जाते असं सांगून जायची. आम्ही दोघीच खेळायचो. सूप ठेवत नव्हतो, कारण अंगणात कोणी येतच नव्हतं. त्यांचा खेळ बदलला होता. पहिले भाड्यासाठी भांडायच्या, आता सूट द्यायच्या. माझी नोट बघितली की म्हणायच्या, "एवढी घाई कायले वो? अर्धी दे. अर्धी पुढच्या हप्त्यात." मला वाटायचं, माझी ओढाताण बघून म्हणतात.

प्रीतीचं शिक्षण झालं आणि तिरोड्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. पहिल्या पगारातले पैसे माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "आई, आत्याआजीचे उरलेले एका वेळी देऊन टाक. मी सांगू का आजोबांना आता?" मी नको म्हटलं. अजूनही सांगितलेलं नाही. सासरे गेल्या वर्षी नातीकडून सुई टोचून घेताना म्हणाले, "सरकारनं चांगलं केलं." मी आत निघून गेले.

उरले होते आठशे. मी ते घरी मोजले, वाटेत मोजले. आत्याबाई पडवीत पत्ते पुसत बसल्या होत्या. बघणारं कोणी नव्हतं, म्हणून नोटा तशाच त्यांच्यापुढे ठेवल्या.

"प्रीतीचा पगार झाला. एवढ्यात सगळे फिटतात आत्याबाई."

त्यांनी नोटा उचलल्या. खरे पैसे त्यांना मी पहिल्यांदाच मोजताना बघत होते. एकदा मोजले. बोट ओलं करून पुन्हा मोजले. मग पडवीच्या खांबाकडे बघत म्हणाल्या, "एक रुपया कमी हाय."

"बरोबर आहेत आत्याबाई. आठ नोटा शंभराच्या."

"आजचे बरोबर हायत. मागचा एक राह्यला. हिशोब माह्या डोक्यात हाय."

मी कधी त्यांना रुपया-दोन रुपये दिलेच नव्हते. दिल्या त्या नोटा. रुपया उरणार कुठून? मी तसं म्हणणार होते.

"पण घाई नाई," त्या लगेच म्हणाल्या. "उद्या आन. उद्या नाई जमलं त परवा. मी काय त्यासाठी बाजारात वरडणार नाई. नसन रुपया, त नुसतं येऊन सांगून जात जा, आज नाई म्हणून."

पाच हजार ओटीत टाकताना ज्या बाईने कधी देशील असं विचारलं नाही, तिला एका रुपयासाठी खोटं बोलावं लागत होतं, आणि ते तिला नीट जमतही नव्हतं. तिने सगळ्या गावात स्वतःला वेडं ठरवून घेतलं ते माझ्यासाठी, आणि तिला वाटत होतं, मी येते ती कर्जासाठी. तसं वाटायला मीच कारण होते. पैसे घेतल्यापासून एकदाही मी रिकाम्या हाताने, नुसती बसायला म्हणून त्यांच्या पडवीत गेले नव्हते.

पदराच्या गाठीत सुटे होते. गाठ सोडली, रुपया काढला आणि नोटांवर ठेवला.

"घ्या. आता माझ्यावर काही बाकी नाही."

"नाई," त्या म्हणाल्या. "काई बाकी नाई." रुपयाला हात लावला नाही. पत्ते गोळा करून दोरा गुंडाळायला लागल्या.

मी भिंतीला टेकून पाय पसरून बसले. त्यांच्या हातातून पत्ते घेतले, दोरा सोडला आणि वाटायला लागले. आजपर्यंत वाटप नेहमी त्याच करायच्या. मला पत्ते पिसता येत नाहीत, दोन-चार खाली पडले. त्या बघत राहिल्या.

"चुलीवर भाजी टाकून आली का वो घरी?"

"नाही. सायंकाळी टाकीन."

त्यांनी आपले पत्ते उचलले, डोळ्यांजवळ नेऊन बघितले, एक इकडचा तिकडे लावला. मग रुपया नोटांसकट उचलला, सगळं एकत्र बटव्यात टाकलं आणि बटव्याची दोरी ओढली.